चार-तीन-तीन आणि अकरा कटिंग

मानखुर्द स्टेशनाबाहेरच्या आमच्या टपरीवर कुणालाही आडनाव नाही. आधार कार्डावर असेल, पण इथे ते कुणी विचारत नाही. इथे आर्सेनलवाला आहे, युनायटेडवाला आहे, लिव्हरपूलवाला आहे. बार्सावाले दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण मेस्सी गेल्यावर एक जण बार्सातच राहिला आणि दुसरा मेस्सीच्या मागोमाग आधी पॅरिसला आणि मग मायामीला गेला. हा सगळा प्रवास त्याने पीएमजीपी कॉलनीतून केला. मग आहेत ब्राझीलवाले काका. 1986 साली दूरदर्शनवर झिकोला फ्रान्सविरुद्ध पेनल्टी घालवताना पाहिल्यापासून त्यांची तब्येत नाजूक आहे. शिवाय एक कोल्हापूरकर. त्याच्या लेखी जगात एकच टीम, पाटाकडील तालीम मंडळ; प्रीमियर लीग वगैरे ठीक आहे, शाहू स्टेडियमवर मॅच नसेल त्या दिवशी बघायला. आणि शेवटी मी, मुंबई सिटीवाला. म्हणजे अल्पसंख्याक. माझा क्लब हरला तर कुणी चिडवत नाही आणि जिंकला तर कुणी अभिनंदन करत नाही. ‘अरे हो, तुमचीही काल होती ना?’ एवढं मात्र आपुलकीने विचारतात.

युरोपातली मधल्या वारची मॅच आपल्याकडे रात्री उशिरा, बऱ्याचदा दीडला सुरू होते. ती संपते तेव्हा पहिली लोकल सुटायला फारसा वेळ उरलेला नसतो. तरी सकाळी साडेसातला टपरीवर मंडळी हजर. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला, आणि तोंडात असे शब्द की पलीकडे रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना वाटावं, हे लोक एखाद्या पुलाचं डिझाइन करतायत. लो ब्लॉक. हाय प्रेस. डबल पिव्हट. यातला ‘हाफ-स्पेस’ हा शब्द समजायला मला बरेच दिवस लागले. साइडलाइनजवळचा पट्टा नव्हे, मधला पट्टाही नव्हे, त्या दोहोंच्या मधली चिंचोळी जागा. शेवटी लिव्हरपूलवाल्याने पनवेल लोकलमध्ये प्रात्यक्षिक दिलं. तिघांच्या बाकावर चौथी सीट असते ना, म्हणाला, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, ती हाफ-स्पेस. तिथे बसलेल्या माणसाला नक्की कुणी सरकवायचं हे कुणालाच कळत नाही, म्हणून डी ब्रुइना तिथे उभा राहतो. मानखुर्दच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

डावपेच समजावण्याचं साहित्य म्हणजे कटिंगचे ग्लास. टपरीच्या पत्र्याच्या फळीवर अकरा ग्लास मांडायचे, बिस्किटांची बरणी हा आपला गोल, आणि समोरच्यांनी बस पार्क केली असेल तर पारले-जीचा पुडा आडवा ठेवायचा. परवा आर्सेनलवाला इन्व्हर्टेड फुलबॅक शिकवत होता. ‘हा आपला लेफ्ट बॅक. बॉल आपल्याकडे आला की हा लाइन सोडून आत येतो, असा, मिडफिल्डमध्ये,’ असं म्हणत त्याने एक ग्लास पुढे आणि आत सरकवला. ‘आता बघा, मध्ये आपला एक माणूस वाढला.’

तेवढ्यात टपरीवाल्या मामांनी तो वाढलेला माणूस उचलला, बादलीत बुचकळला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चहा भरून दिला.

‘मामा, लेफ्ट बॅक!’

‘गिऱ्हाईक उभं हाय,’ मामा म्हणाले. ‘तुमी धाजण खेळा.’

यावर युनायटेडवाला म्हणाला की लेफ्ट बॅक नेला काय आणि ठेवला काय, तुमच्या सेंटर हाफलाच तडा गेलाय. पाहिलं तर खरंच त्या ग्लासाच्या काठाचा टवका उडालेला होता. मग बराच वेळ, तडा गेलेल्या सेंटर हाफवर हाय लाइन खेळावी का, यावर गंभीर चर्चा झाली. मामांनी आजवर एकही मॅच पूर्ण पाहिलेली नाही. पण त्यांच्या बादलीने जेवढे डावपेच उधळलेत तेवढे मोरिन्योनेही उधळले नसतील.

आता एवढा अभ्यास असलेल्या मंडळींचं कोचविषयीचं मत ठाम असायला हवं. ते असतंच. फक्त मिनिटागणिक वेगळं असतं. 18 डिसेंबर 2022 ची वर्ल्ड कप फायनल आम्ही सोसायटीच्या आवारात पडदा लावून पाहिली. अर्जेंटिनाचे कोच स्कालोनी यांनी डी मारियाला नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डावीकडे खेळवलं आणि फ्रान्सची उजवी बाजू उसवून काढली. त्याच्यामुळे पेनल्टी मिळाली, ती मेस्सीने 23 व्या मिनिटाला मारली. 36 व्या मिनिटाला डी मारियाने स्वतःच गोल केला. आवारात एकमत झालं की स्कालोनी हा या शतकातला सर्वांत हुशार माणूस. 64 व्या मिनिटाला त्याने त्याच डी मारियाला बाहेर काढलं. तेव्हाही लोक म्हणाले, बरोबर आहे, पाय जपला, आता मॅच बंद करायची. याला म्हणतात गेम मॅनेजमेंट.

80 व्या मिनिटाला एम्बाप्पेने पेनल्टी मारली आणि दुसऱ्या गोलासाठी त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याबरोबर स्कालोनीची अक्कल निघाली. डी मारियाला काढायचं कुणाच्या बापाने सांगितलं होतं, असं विचारणाऱ्यांत, मघाशी पाय जपल्याबद्दल टाळ्या पिटणारा दुसरा बार्सावाला सगळ्यांत पुढे होता. 108 व्या मिनिटाला मेस्सीने परत गोल केला आणि स्कालोनी पुन्हा हुशार झाला. 118 व्या मिनिटाला एम्बाप्पेची दुसरी पेनल्टी, पुन्हा मूर्ख. अगदी शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका मार्टिनेझने डावा पाय ताणून अडवला तेव्हा स्कालोनीचं काय करायचं हे कुणाला ठरवता येईना. मग शूटआउटमध्ये कोमानचा फटका अडवला गेला, चुआमेनीचा बाहेर गेला, मोंटिएलने शेवटचा मारला, आणि स्कालोनी जो पुन्हा हुशार झाला तो आजपर्यंत आहे. डी मारियाला काढणं आता टपरीच्या अभ्यासक्रमात ‘धाडसी निर्णय’ म्हणून शिकवलं जातं. निर्णय तोच, मिनिट तेच, माणूसही तोच. फक्त मोंटिएलचा पाय जरा घसरला असता, तर तोच धडा ‘घोडचूक’ या प्रकरणात गेला असता.

त्या रात्री खेळाडूच्या भूमिकेविषयी मूलभूत प्रश्न फक्त एकीनेच विचारला. आमच्या मजल्यावरच्या आजी स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वीसेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘बाकीची पोरं जीव तोडून पळतायत, आणि तो दाढीवाला नुसत्या फेऱ्या मारतोय. त्याला कुणी काही बोलत कसं नाही?’ आजूबाजूच्या सहा जणांनी आजींना एकाच वेळी समजावलं की मेस्सी चालतो ते जागा हेरण्यासाठी. तो मैदान वाचतो. ‘आमचे हे पण ऑफिसात असेच फेऱ्या मारायचे,’ आजी म्हणाल्या, ‘त्यांना मेमो आला होता.’ एवढ्यात मेस्सीने पेनल्टी मारली आणि आजी म्हणाल्या, ‘बरं, मग चालू दे.’ निकाल बघून मत बदलायला पुरुषांना तीन तास लागले, आजींना एक सेकंद.

डावपेचांवर निदान ग्लास तरी मांडता येतात. टपरीवरची खरी बाजी मारणारी गोष्ट म्हणजे ‘मेंटॅलिटी’. ही कुठल्याही ग्लासात दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत असतं. आर्सेनल 2022-23, 2023-24 आणि 2024-25 अशी लागोपाठ तीन वर्षं लीगमध्ये दुसरी आली. का? युनायटेडवाला म्हणतो, मेंटॅलिटी नाही. (त्याची स्वतःची टीम त्यातल्या शेवटच्या वर्षी पंधरावी होती, पण ते मेंटॅलिटीमुळे नव्हे, मालकांमुळे.) आर्सेनलवाला जखमी खेळाडूंची यादी काढतो, गुण मोजून दाखवतो, रेफरींचे निर्णय तारीखवार सांगतो. युनायटेडवाला शांतपणे चहा संपवतो आणि म्हणतो, ‘ते सगळं ठीक आहे. पण मेंटॅलिटी?’ यावर उत्तर नाही. असू शकत नाही. मेंटॅलिटीचं निदान निकाल लागल्यावरच होतं, म्हणून निदान करणारा कधी चुकत नाही.

11 जुलै 2021 ची वेम्बलीवरची युरो फायनल घ्या. इंग्लंडच्या साउथगेटने रॅशफर्ड आणि सांचो यांना एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी, निव्वळ पेनल्टीसाठी आत पाठवलं. त्यांच्या पायाला धड घामही आला नव्हता. दोघेही चुकले, मग एकोणीस वर्षांचा साका चुकला. टपरीचा निष्कर्ष: इंग्लंडची मेंटॅलिटी कच्ची. बरं, त्याच शूटआउटमध्ये इटलीचे बेलोटी आणि जॉर्जिन्यो हेही चुकले होते. जॉर्जिन्यो तर पेनल्टीतला वस्ताद, त्याने ती मारली असती तर मॅच तिथेच संपली असती. पण इटली जिंकली, त्यामुळे त्या दोघांची मेंटॅलिटी लोखंडाची ठरली. एका बाजूचे तीन चुकले, दुसऱ्या बाजूचे दोन. म्हणजे मेंटॅलिटी हा एका पेनल्टीचा फरक आहे, आणि त्यावर आमच्याकडे दोन वर्षं चहा खपला.

ब्राझीलवाले काका याबाबतीत जरा वेगळे आहेत. ते इटलीच्या बाजिओची बाजू घेतात, ब्राझीलवाले असूनही. 1994 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये बाजिओची पेनल्टी बारवरून गेली म्हणूनच ब्राझील जिंकला, तरी त्याला कुणी मनाचा कच्चा म्हटलं की काका ग्लास खाली ठेवतात. ‘त्याच्याआधी बारेसी चुकला, मस्सारो चुकला, ती नावं घ्या की! बाद फेरीत पाच गोल करून त्यानेच इटलीला फायनलपर्यंत ओढत आणलं होतं.’ एवढं बोलून ते दम घेतात. मग कुणीतरी हळूच ‘सात-एक’ म्हणतं. 2014 च्या सेमीफायनलमध्ये जर्मनीने ब्राझीलला 7-1 हरवलं तेव्हाची मेंटॅलिटी, असं त्याला म्हणायचं असतं. काका पैसे देऊन निघून जातात. त्या धक्क्यातून काका सावरल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

लिव्हरपूलवाल्याकडे इस्तंबूल आहे. 2005 ची चॅम्पियन्स लीग फायनल, हाफटाइमला एसी मिलान 3-0, मग सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टी, मग कप. मुलगा तेव्हा बालवाडीत होता; तरी हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये बेनिटेझ काय बोलले हे तो असं सांगतो, जणू बूट बांधायला तोच बसला होता. मागून येऊन जिंकण्याविषयी कुणाचं दुमत नाही. पण 6 फेब्रुवारी 2022 ला खाडीच्या पलीकडे, मानखुर्दहून चार स्टेशनांवर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई कपची फायनल झाली. चीन हाफटाइमला कोरियाविरुद्ध 0-2 ने मागे होता. 68 व्या मिनिटाला पेनल्टी, 72 व्याला बरोबरी, आणि भरपाई वेळेत तिसरा गोल. इस्तंबूलहून तसूभरही कमी नाही. मी ही गोष्ट टपरीवर सांगितली. एक मिनिट सगळे गप्प झाले, मग एकाने विचारलं, नेरूळला पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला?

कोल्हापूरकराला या सगळ्यात रस नसतो. त्याचं म्हणणं, मेंटॅलिटी बघायची तर पेठेत या. दिलबहारविरुद्ध मॅच असली की आदल्या रात्री घरात कुणी जेवत न्हाई, आणि हरली तर दुसऱ्या दिवशीबी न्हाई. ‘तुमच्या त्या साकाला इंग्लंडमदी शिव्या पडल्या असतील, पर शिव्या देणारा त्याच्या गल्लीत ऱ्हातो का? न्हाई न्हवं? आमच्याकडं पेनल्टी घालवली की दुसऱ्या दिवशी दूध आणायला त्याच रस्त्यानं जायाचं असतंय, भावा.’ मेंटॅलिटीविषयी टपरीवर आजवर निघालेलं हे एकमेव पटण्यासारखं वाक्य. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, हे तो सांगतो तेव्हा त्याची छाती टी-शर्टात मावत नाही. त्या वर्ल्ड कपात कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने 82 व्या मिनिटाला भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल मारला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने तो फेडला. मी म्हटलं, बघा, एकाग्रता गेली. कोल्हापूरकर म्हणाला, ‘जाऊ दे की! पयला गोल मारल्यावर जो नाचत न्हाई त्यानं फुटबॉल खेळूच ने.’

आता माझ्या क्लबाविषयी. मुंबई सिटी 2014 ला सुरू झाला तेव्हा घरचं मैदान नेरूळला होतं. हार्बर लाइनवर, खाडी ओलांडली की आलंच. अनेल्का, युंगबर्ग ही नावं आम्ही वाशी पुलावरून वारा खात पाहायला जायचो. मग 2016 ला क्लब अंधेरीला गेला, आणि मॅच पाहायची म्हणजे कुर्ल्याला किंवा वडाळ्याला गाडी बदला असा वनवास मागे लागला. म्हणजे टीम हाय प्रेस करणार, आणि तो पाहायला येणारा माणूस कुर्ल्याच्या पुलावर आधीच प्रेस झालेला. आणि कप कधी यावा? 13 मार्च 2021 ला, फातोर्ड्याला, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. बिपिन सिंगने 90 व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा मी घरात एवढ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरून काळजीने फोन आला. कोच लोबेराची ती टीम गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत वर यायची, मध्ये अहमद जाहू उभा राहून सगळ्यांचा बॉल वाटायचा आणि अधूनमधून पिवळं कार्ड घ्यायचा. मी टपरीवर जाहूच्या भूमिकेवर बोलायला लागलो की लोक मोबाइल काढतात.

एकदाच टपरी माझ्या क्लबासाठी एकवटली. 2023 च्या ऑगस्टमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला आणि मुंबई सिटीच्या गटात आला अल हिलाल, म्हणजे नेमार. नेमार आपल्याकडे येणार! जवळजवळ दोन महिने त्याला कोण अडवणार यावर अकरा ग्लासांनी खल केला. राहुल भेकेने अंगावर जायचं की लांब राहायचं? त्याला आत वळू द्यायचं की लाइनकडे ढकलायचं? शेवटी सर्वानुमते ठरलं की दोघांनी मिळून लाइनकडे ढकलायचं, आणि तिसऱ्याने तो पडला की रेफरीकडे बघून हात वर करायचे. काकांनी तर पिवळी जर्सी धुऊन इस्त्री करून ठेवली. ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. 6 नोव्हेंबरला अल हिलाल त्याच्याविना आला आणि 2-0 जिंकून गेला. पण नेमारला अडवण्याची आमची ती युक्ती आजतागायत अपराजित आहे.

एवढं ज्ञान साठलं की ते कुठेतरी सांडतंच. आमचं दर रविवारी रात्री हायवेजवळच्या टर्फवर सांडतं. तासाच्या भाड्याने मिळणारं जाळीतलं मैदान, वर फ्लडलाइट, आणि वारा फिरला की देवनारचा वास. सहा-सहा जण. खेळाडूंच्या भूमिकेविषयीचं या मंडळींचं खरं मत इथे कळतं, ते असं की सगळे स्ट्रायकर आहेत. आठवडाभर ‘बचाव फॉरवर्डपासून सुरू होतो’ हे सांगणारा आर्सेनलवाला बॉल गेला की कमरेवर हात ठेवून तो कुठे गेला ते पाहत उभा राहतो. युनायटेडवाला फॉल्स नाइन खेळतो, म्हणजे पुढेही नसतो आणि मागेही नसतो. 2009 साली बर्नाबेऊवर ग्वार्डिओलाने मेस्सीला तसं खेळवून 6-2 जिंकल्याचं तो धापा टाकत सांगतो. दुसरा बार्सावाला चालतो. विचारलं तर जागा हेरतोय म्हणतो. गोलकीपरची भूमिका जो सगळ्यांत उशिरा येतो त्याला मिळते, त्यामुळे रविवारी रात्री सगळे वेळेवर येतात. कोल्हापूरकर एकटा जीव खाऊन खेळतो. नकली गवतावर घसरून त्याचे दोन्ही गुडघे सोलवटलेले असतात आणि तो आनंदात असतो. काका जाळीबाहेरून शिट्टी वाजवत ओरडतात, ‘विड्थ वापरा, विड्थ!’ हात पसरले तर दोन्ही जाळ्यांना लागतील अशी तिथली विड्थ.

गेल्या रविवारी चार-चार बरोबरी होती आणि तास संपायला मिनिटभर होतं. हरणाऱ्याने टर्फचं भाडं भरायचं हा आमचा नियम, त्यामुळे दोन्ही बाजूंनी एकदम लो ब्लॉक केला. बारा माणसं आपापल्या गोलसमोर आणि बॉल मधल्या वर्तुळात एकटा. शेवटी कोल्हापूरकराला हे बघवेना. ‘अरं मारा की कुणीतरी!’ म्हणत त्यानेच धावत येऊन हाणला. बॉल बारच्या खालच्या बाजूला लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. आत पडला की रेषेवर? आर्सेनलवाला म्हणतो रेषेवर, युनायटेडवाला म्हणतो हातभर आत, काकांनी शिट्टी वाजवली पण ती तास संपल्याची होती असं ते सांगतात, आणि मामांच्या फळीवर तीन दिवस बिस्किटांची बरणी आणि खडीसाखरेचा खडा ठेवून तपास सुरू आहे. टर्फवाल्याचा रोज फोन येतो. आम्ही त्याला सांगितलंय की गोल झाला की नाही ते ठरलं की पैसे पाठवतो.